अठरा सेकंदांत मेलेला राखणदार

सुरुवातीलाच एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'ती वारूळ' की 'ते वारूळ' हे मला अजूनही आजीला फोन करून विचारावं लागतं. मराठी विभागाच्या संपादकांनी "तू लिही गं, शुद्धलेखन आम्ही बघतो" असा धीर दिला म्हणून हे धाडस. विषय आहे साप. म्हणजे खरा साप नाही, खेळातला साप. पण लिहिता लिहिता खराही येणार आहे, तेव्हा ज्यांना भीती वाटते त्यांनी पाय वर घेऊन बसावं.

लेख थोडा धड्यासारखा आहे. लोककथेतल्या सापाचा खेळातला मॉन्स्टर कसा करायचा, हा धडा. मी तो आधी चुकीचा केला, मग दुरुस्त केला. त्यामुळे दोन्ही पद्धती सांगता येतील.

खेळ कोणता?

आमच्या लेडीज हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर दर शनिवारी रात्री जे ओरडणं ऐकू येतं, आणि ज्यावरून रेक्टर मॅडमनी दोनदा वर येऊन "काय चाललंय काय?" असं विचारलंय, तो हा खेळ. डंजन्स अँड ड्रॅगन्स. हॉस्टेलच्या भाषेत डीएनडी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत तो काढला. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. कागद, पेन्सिल, फासे आणि तोंड एवढ्यावर काम चालतं. चार-पाच जणी एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. एक जण गोष्ट चालवते, तिला डीएम म्हणायचं. जंगल, गाव, गावकरी, पाऊस आणि मॉन्स्टर ही सगळी तिची कामं. आमच्या ग्रुपची डीएम मी.

मॉन्स्टर म्हणजे खेळाच्या पुस्तकात एक छोटी चौकट असते. तिला स्टॅट ब्लॉक म्हणतात. त्यात दोन आकडे महत्त्वाचे. पहिला आर्मर क्लास, म्हणजे त्याला वार लागणं किती कठीण. दुसरा हिट पॉइंट्स, म्हणजे किती मार खाल्ल्यावर तो मरतो. वार करायचा तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपला बोनस मिळवायचा, बेरीज आर्मर क्लासइतकी किंवा जास्त आली की वार लागला. बास. बाकी सगळं यावरच रचलेलं आहे.

या मॉन्स्टरांच्या यादीत आपला शब्द फार आधीपासून आहे बरं का. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये 'नागा' आहे, त्याच्या तीन जाती आहेत. २०१४ च्या आवृत्तीतला राखण करणारा नागा तर मारला तरी एक ते सहा दिवसांत पुन्हा जिवंत होतो. हे वाचून मला आधी भारी वाटलं, मग जरा राग आला. म्हटलं, आपला साप आपणच करू की! माझं आजोळ सिंधुदुर्गातलं. लहानपणी मे महिन्यात आजी राईतल्या राखणदाराची गोष्ट सांगायची, तीच घेऊ. नियमांचं मूळ दस्तऐवज जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळं आहे, त्यामुळे कुणीही स्वतःचा मॉन्स्टर करून छापू शकतं. हा लेखही त्याच हक्काने.

पहिला प्रयत्न, आणि तो का फसला

सेकंड इयरच्या ऑगस्टमध्ये, जर्नल्स पूर्ण करायची सोडून, मी राखणदार लिहिला. खरं तर लिहिला नाही, उचलला. पुस्तकात अजगराच्या जातीचा एक प्रचंड साप आहे : आर्मर क्लास १२, हिट पॉइंट्स ६०. त्याला मिशा लावल्या, डोक्यावर मणी ठेवला, जंगलात नेऊन सोडला. गावकऱ्यांनी आमच्या चौघींना सांगितलं की राईत मोठा साप आहे, त्याच्याकडे मणी आहे.

पुढे काय झालं ते गणितानेच सांगते. हिशेबासाठी चौघी सारख्या धरू. प्रत्येकीचा बोनस ५. आर्मर क्लास १२ गाठायला फाशावर ७ किंवा जास्त हवेत. ७ ते २० म्हणजे २० पैकी १४ आकडे, म्हणजे ७० टक्के. वार लागला तर आठ बाजूंचा एक फासा अधिक ३, सरासरी साडेसात. (फाशावर २० पडल्यावर मिळणारं जादा नुकसान सोडून देऊ.) तर एका फेरीत :

४ × ०.७ × ७.५ = २१

६० ला २१ ने भागलं की २.८६. म्हणजे तीन फेऱ्या. या खेळात एक फेरी सहा सेकंदांची असते. आजीने मला दहा वर्षं घाबरवलं तो राखणदार अठरा सेकंदांत मेला. माझ्या रूममेटच्या चोराने मणी काढून पिशवीत टाकला, पुढच्या गावात विकून जादूचं चिलखत घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅगी खाऊन झोपलो.

मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय ते कळत नव्हतं. वाटलं, आकडे कमी पडले. म्हणून आकडे वाढवून पाहिले. आर्मर क्लास १६ केला, हिट पॉइंट्स १२६ केले. आता फाशावर ११ हवेत, म्हणजे ५० टक्के. एका फेरीत १५. १२६ ला १५ ने भागलं की ८.४, म्हणजे नऊ फेऱ्या. चोपन्न सेकंद! आकडे दुप्पट करून राखणदार होत नाही. त्याचं मरण फक्त लांबतं.

मेसच्या मागे

आता खरा साप येतो.

ऑक्टोबरची गोष्ट. संध्याकाळी, अजून उजेड होता. मेसच्या मागे, रिकामे सिलिंडर ठेवतात त्या भिंतीशी मी आणि रूममेट फोनवर बोलायला गेलो होतो, कारण रेंज तिथेच येते. सिलिंडरमागून एक लांबच लांब, पिवळट तपकिरी साप निघाला. मी किंचाळले, "नाग! नाग!"

दोन मिनिटांत माणसं जमली. वॉचमन काका आले, मेसमधली दोन मुलं बांबू घेऊन आली. सिलिंडरच्या मागे अंधार होता म्हणून रूममेटने मोबाइलचा टॉर्च धरला. साप पळायला बघत होता, पण भिंत मधे होती. पुढचं लिहीत नाही. किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. फार नाही लागला.

रेक्टर मॅडमनी फोन केला होता, ते सर्पमित्र त्यानंतर पोचले. साधा माणूस, मोटरसायकलवर, हातात आकडा आणि कापडी पिशवी. पिशवी तशीच गुंडाळून त्यांनी सीटवर ठेवली. साप काठीने सरळ केला आणि विचारलं, "नाग कुणी म्हटलं?"

मी म्हटलं, "मी."

"फणा दिसला होता का, ताई?"

नव्हता दिसला.

"धामण आहे. बिनविषारी. मेसमध्ये उंदीर असतील, त्यांच्यामागे आली." मग शेपटीकडच्या काळ्या पट्ट्या आणि मोठे गोल डोळे दाखवले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात मला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं, तर पुस्तकातल्या नागाचे सगळे आकडे मी धडाधडा सांगितले असते. समोरचा साप मात्र ओळखता आला नाही. आणि मी एक शब्द ओरडले, त्यावर बाकी सगळं झालं.

आजीची शाळा

दिवाळीच्या सुट्टीत आजोळी गेले. या वेळी वही-पेन घेऊन बसले. आजीला विचारलं, "राखणदाराची गोष्ट पुन्हा सांग. सगळी." तिला वाटलं, कॉलेजचं प्रोजेक्ट आहे. मीही नाही म्हटलं नाही.

आजी, शेजारच्या काकी, नारळ पाडायला आलेले आजोबा, सगळ्यांनी मिळून पाच पानं भरली. रात्री त्यातल्या गोष्टी मी तीन ढिगांत वाटल्या. कुठलीही लोककथा खेळात आणायची असेल तर हे वाटप आधी करा, असं माझं सांगणं आहे.

पहिला ढीग, घातक समजुतींचा. धामण म्हशीच्या पायांना वेटोळं घालून दूध पिते. हरणटोळ झाडावरून उडी मारून टाळू फोडतो. मांडुळाला दोन तोंडं असतात आणि तो धन दाखवतो. साप डूख धरतो. साप चावला की मांत्रिकाकडे न्यायचं. यातलं काहीही खरं नाही. साप दूध पचवू शकत नाही. हरणटोळाचं विष माणसाला धोक्याचं नसतं. मांडुळाची शेपूट बोथट असते म्हणून ती तोंडासारखी दिसते, आणि या एका गैरसमजापायी मांडुळांची चोरटी विक्री होते. या ढिगातलं काही खेळात घ्यायचंच असेल तर गावातल्या एखाद्या बढाईखोराच्या तोंडी अफवा म्हणून घ्या. नियम म्हणून कधीच नाही. मेसच्या मागे जे झालं ते याच ढिगातून झालं : दिसला साप की नाग, आणि नाग म्हणजे मारा.

दुसरा ढीग, चित्रांचा. फार म्हातारा झालेला नाग, ज्याला मिशा आणि केस फुटतात. मणी खाली ठेवून त्याच्या उजेडात तो चरतो. जुनं वारूळ. (वारूळ वाळवी बांधते, साप नुसता राहायला येतो, पण सातेरी देवी वारुळाच्याच रूपात पुजतात, म्हणून वारुळाला कुणी कुदळ लावत नाही.) ही चित्रं सुंदर आहेत, बिनधास्त घ्या. पण मी पहिल्या प्रयत्नात इथेच थांबले होते. चित्र घेतलं आणि आत पुस्तकातला अजगर भरला.

तिसरा ढीग, नियमांचा. राईतली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. आत जाताना चपला काढायच्या. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही, 'लांबडं' किंवा 'जनावर' म्हणायचं. तरी कुणी काही घेतलं तर चकवा लागतो, माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो. चुकलं तर मोठ्याने गाऱ्हाणं घालायचं आणि घेतलेलं परत ठेवायचं.

मी आजीला विचारलं, "एवढी वर्षं झाली, तो कुणाला चावला का गं कधी?"

आजी म्हणाली, "कित्याक चावतलो? कोणी काय व्हरूकच नाय!"

कशाला चावेल, कुणी काही नेलंच नाही! माझ्या वहीत या वाक्याखाली दोन रेघा आहेत. राखणदाराचे हिट पॉइंट्स कुणीच मोजलेले नाहीत, कारण तशी वेळच आली नाही. तो लढून जिंकत नाही. त्याचा नियम सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तो जिंकलेलाच आहे.

आणि हा नियम नुसता गोष्टीतला नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. आजूबाजूचं जंगल तुटलं तरी देवराईचा तुकडा शिल्लक राहतो, तिथे जुनी झाडं, मोठ्या वेली राहतात, बऱ्याच ठिकाणी झराही असतो. कारण पिढ्यान् पिढ्या कुणी काटकी उचललेली नसते. देवाची आणि सापाची भीती तिथे वनरक्षकाचं काम करत होती.

असे साप दुसरीकडेही आहेत. ब्राझीलमध्ये बोइताता नावाचा अग्निसर्प सांगतात. जुझे द आंशिएता या पाद्र्याने १५६० सालच्या पत्रात त्याचा उल्लेख केलाय. पुढच्या लोककथांत तो रान आणि माळ जाळणाऱ्यांच्या मागे लागतो. जंगल आपलं नाही, पण सापाचं काम ओळखीचं वाटतं ना?

दुसरा प्रयत्न

तर धड्याचं सूत्र हे : आधी विचारा, याचा नियम काय? मग विचारा, नियम मोडला तर काय होतं? मग, भरपाई कशी करायची? आकडे सगळ्यात शेवटी.

या क्रमाने केलेला हा आमचा राईराखण. हवा असेल तर झेरॉक्स काढून वापरा.

राईराखण
आकार : अवाढव्य
वृत्ती : नियमाला धरून, ना भला ना बुरा
आर्मर क्लास : १६
हिट पॉइंट्स : १२६ (बारा बाजूंचे १२ फासे अधिक ४८)
वेग : जमिनीवर, झाडावर आणि पाण्यात ३० फूट
चावा : बोनस ८, नुकसान आठ बाजूंचे दोन फासे अधिक ५, शिवाय विषाचं घड्याळ सुरू
खास गुण : हिशेब

हिशेब म्हणजे डीएमने गुपचूप ठेवायचा आकडा. राईतून घेतलेल्या प्रत्येक वस्तूला १. फूल, फांदी, शिकार, मणी, सगळं सारखंच. परत ठेवलं की १ कमी.

हिशेब ० : साप दिसत नाही. पानं हलतात, बास.
हिशेब १ ते २ : चकवा. तासभर चालून त्याच वारुळापाशी. फासा टाकून सुटका नाही.
हिशेब ३ ते ४ : वाटेवर आडवी ताजी कात. कुणाला तिची लांबी मोजायची असेल तर मोजू द्यावी. वीस पावलं भरते.
हिशेब ५ : तो स्वतः वाटेत. एक पूर्ण फेरी हलत नाही. ही शेवटची संधी.
हिशेब ६ : चावतो. ज्याने सगळ्यात जास्त घेतलं त्याला आधी.

गाऱ्हाणं घालायचं तर खेळणाऱ्या मुलीने ते स्वतः मोठ्याने बोलायचं, फासा नाही. काय घेतलं ते कबूल करायचं आणि परत द्यायचं. आणि कुणी त्याला मारलंच, तर सात दिवसांत राईतला झरा आटतो, खालच्या गावाची विहीर कोरडी पडते. घेतलेलं सगळं परत आलं तरच तो पुन्हा दिसतो.

चॅलेंज रेटिंग, म्हणजे मॉन्स्टर किती अवघड ते सांगणारा आकडा, मी असा लिहिलाय : हिशेब ० असेल तर ०, हिशेब ६ असेल तर ८.

विषाचं घड्याळ

पुस्तकातलं विष मला धामणीच्या प्रकारानंतर खटकायला लागलं. तिथे मोठा विषारी साप चावला की एक फासा टाकायचा. जमलं तर नुकसान अर्धं, नाही जमलं तर पूर्ण, सरासरी साडेदहा पॉइंट्स. मग रात्रभर झोप घ्यायची आणि सकाळी सगळे हिट पॉइंट्स परत!

खऱ्या आयुष्यात याच्या अगदी उलट आहे. मण्यार बहुतेक रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावा जवळजवळ दुखत नाही. अशा वेळी "जरा झोपते, बरं वाटेल" म्हणणारं माणूस सकाळी उठत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा की २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातली खूपशी माणसं खेड्यातली, शेतात राबणारी.

म्हणून आमच्या खेळात विषाच्या दोन जाती केल्या. दोन्हींत दर तासाला घड्याळ एक घर पुढे.

नागाची आणि मण्यारीची जात नसांवर काम करते. पहिलं घर : पापण्या जड होतात, नीट दिसत नाही. दुसरं घर : बोलता येत नाही, त्यामुळे जादूगाराचे मंत्र बंद. तिसरं घर : श्वास थांबतो.

घोणस आणि फुरशाची जात रक्तावर काम करते. रक्त गोठत नाही, जुन्या जखमाही वाहू लागतात, दर तासाला एकूण हिट पॉइंट्सच कमी होतात. ओळखायची परीक्षा आपल्याकडच्या हॉस्पिटलांत करतात तीच ठेवली : थोडं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करायची. रक्त तसंच पातळ वाहिलं तर विष भिनलंय.

खेळात जखम कापली, विष चोखलं, करकचून दोरी बांधली किंवा रुग्णाला पळवलं तर घड्याळ एक घर आणखी पुढे जातं. रुग्णाला निजवून, चावलेला हातपाय न हलवता, अंगठ्या-बांगड्या काढून, धीर देत उचलून नेलं तर एक तास घड्याळ थांबतं. उतारा एकच, प्रतिविष. भारतात मिळणारं प्रतिविष याच चार सापांवर एकत्र चालतं आणि ते हॉस्पिटलमध्येच मिळतं. हा एवढा परिच्छेद खेळ न खेळणाऱ्यांनीही लक्षात ठेवा. महाराष्ट्रात ॲम्ब्युलन्ससाठी १०८.

पुन्हा शनिवार

डिसेंबरमध्ये, सबमिशन संपल्यावर, खेळ पुन्हा सुरू केला. नवीन गोष्ट काढली नाही. जुनीच पुढे नेली. चौघी फिरत फिरत त्याच गावात आल्या, जिथे त्यांना हार घालून निरोप दिला होता. या वेळी कुणी हार घातला नाही. विहीर कोरडी. बायका दोन कोसांवरून पाणी आणतात. झरा आटलाय.

सिव्हिलवाली म्हणाली, "म्हणजे नवीन मॉन्स्टर आलाय. कुठाय? मारूया."

मी म्हटलं, "कुणी आलेलं नाही. होता तो गेलाय."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी गावातल्या एका म्हातारीला प्रश्न विचारले. म्हातारीचा आवाज मी आजीचा काढला. नियम कळला. भरपाई कळली. मणी परत हवा होता आणि मणी तर विकला होता. व्यापारी म्हणाला, देतो, पण त्या चिलखताच्या बदल्यात.

चिलखत रूममेटच्या चोराचं. त्याच्यामुळे तो चार महिने प्रत्येक लढाईतून वाचला होता. बाकीच्या तिघी तिच्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता वाद होणार, "खेळच तर आहे" असं कुणीतरी म्हणणार.

तिने खोडरबर घेतलं आणि कागदावरची ती ओळ खोडली. म्हणाली, "टॉर्च मी धरला होता."

बाकीच्या दोघींना वाटलं, खेळातल्याच कुठल्यातरी टॉर्चबद्दल बोलतेय.

त्या रात्री चौघी अनवाणी राईत गेल्या (खेळात, बाहेर थंडी होती). मणी वारुळापाशी ठेवला, रूममेटने गाऱ्हाणं घातलं, तेही अगदी मोडक्या मराठीत, कारण तीही कॉन्व्हेंटचीच. हिशेब शून्य झाला. साप दिसला नाही. पानं हलली, बास. तीन तासांत एकही वार झाला नाही आणि रेक्टर मॅडम एकदाही वर आल्या नाहीत. आमच्या ग्रुपचा तो सगळ्यात चांगला शनिवार होता असं सिव्हिलवालीसुद्धा म्हणते.

स्वाध्याय

१. तुमच्या गावातली एक गोष्ट घ्या : विहिरीतली, पिंपळावरची, घाटातली. तिचे वर सांगितल्याप्रमाणे तीन ढीग करा.
२. तिच्यातला नियम एका वाक्यात लिहा. लिहिता आला नाही तर आजी-आजोबांना फोन करा. (हा प्रश्न सोडवायला वेळ काढू नका, ती माणसं कायम नसतात.)
३. आर्मर क्लास १४ आणि बोनस ५ असेल तर वार लागण्याची शक्यता किती? (उत्तर : ६० टक्के.)
४. धामण आणि नाग यांतले दोन फरक सांगा. हा प्रश्न सक्तीचा आहे.

शेवटी एक. दोन्ही हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर आता सर्पमित्रांचा नंबर लावलाय. साप दिसला तर लांब उभं राहा, त्याच्यावर नजर ठेवा, फोन करा, आणि नाव माहीत नसेल तर नुसतं "साप" म्हणा. रात्र असेल तर "लांबडं" म्हणा, आजीला बरं वाटेल.

मेसमध्ये यंदा उंदीर फार झालेत, असं मावशी परवा सांगत होत्या.